‘पोलीस ॲक्शन’ : एका शब्दाचे परराष्ट्रकारण

परभणी-नांदेडकडील जुन्या पिढीची कालगणना एका शब्दाभोवती फिरत असे. कुणाचा जन्म, कुणाचे लग्न, शेताची खरेदी, भावाभावांतील वाटणी, यांचे वर्ष विचारले की उत्तर येई, ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ किंवा ‘पोलीस ॲक्शननंतर’. शब्द इंग्रजी, पण मराठवाडी बोलीत तो इतका मुरला की त्यातील विसंगती कुणाला खटकेनाशी झाली. सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद संस्थानात शिरले ते पोलीस नव्हते. ते भारताचे सैन्य होते. त्याच्याजवळ रणगाडे होते, तोफा होत्या, आकाशात विमाने होती. दक्षिण विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल महाराज राजेंद्रसिंहजी आणि सोलापूरच्या बाजूने मुख्य तुकडी घेऊन निघालेले मेजर जनरल जयंतनाथ चौधरी, यांपैकी कुणीही पोलीस खात्यात नव्हते. मोहिमेला ‘ऑपरेशन पोलो’ असे रीतसर लष्करी सांकेतिक नावही होते. मग या प्रकरणात पोलीस आले कोठून?

माझ्या मते ते पॅरिसच्या वाटेने आले. राष्ट्र संकटकाळी साधने निवडते तेव्हा तह, व्यापारबंदी, सैन्य यांचा विचार होतो असे आपण वाचतो. त्या साधनाला नाव कोणते द्यायचे हीदेखील निवडच असते, आणि पुष्कळदा तीच अधिक काळ टिकते. हैदराबादचे प्रकरण याचे ठळक उदाहरण आहे. परभणी जिल्हा त्या प्रकरणाच्या ऐन काठावर होता.

काठावर हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात आजचा हिंगोली जिल्हा होता (तो १९९९मध्ये वेगळा झाला) आणि आज जालन्यात असलेले परतूरही होते. याच परतुरात १९३७मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा. नदीच्या अलीकडे निजामी राज्य, पलीकडे वऱ्हाड. गंमत अशी, की कागदोपत्री वऱ्हाडही निजामाचेच. १८५३च्या तहाने ते इंग्रजांच्या हाती गेले, १९०२मध्ये कायमच्या पट्ट्याने दिले गेले, तरी निजामाच्या युवराजाची ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी शेवटपर्यंत चालू राहिली. १५ ऑगस्ट १९४७ला मात्र ही नदी एकाएकी सरहद्द झाली. अलीकडे ‘हाली’ रुपया, पलीकडे ‘कलदार’. अलीकडे तिरंगा लावणे गुन्हा, पलीकडे तो कचेरीवर.

निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७मध्येच फर्मान काढून जाहीर केले होते, की इंग्रज गेल्यावर आपण दोन्हीपैकी कोणत्याही राज्यात सामील न होता सार्वभौम राहू. दिल्लीचे हात त्या हिवाळ्यात काश्मीरमध्ये गुंतले होते. म्हणून पहिले साधन निवडले गेले ते वेळ विकत घेण्याचे. २९ नोव्हेंबर १९४७ला एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. या कराराचा मसुदा साहित्याच्या विद्यार्थ्यानेही एकदा वाचावा असा आहे. दोन्ही पक्षांनी परस्परांच्या राजधानीत एजंट नेमायचे, वाद झाल्यास लवाद नेमायचा, अशी ती भाषा. जिल्हाधिकाऱ्याशी कुणी असा करार करीत नाही. भारताचे एजंट-जनरल म्हणून कन्हैयालाल मुनशी, म्हणजे गुजराती कादंबरीकार मुनशी, जानेवारी १९४८मध्ये हैदराबादला गेले. निजामाचे एजंट-जनरल झैन यार जंग दिल्लीत बसले. थोडक्यात, भारत सरकार हैदराबादशी वकिलाती चालवीत होते आणि त्याच वेळी ते परराष्ट्र नाही असेही म्हणत होते.

करार कुणीच धड पाळला नाही. हैदराबादने पाकिस्तानला वीस कोटींच्या भारतीय कर्जरोख्यांचे साहाय्य देऊ केले आणि कलदार रुपयाच्या चलनावर व मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर वटहुकमाने बंधने घातली. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमाने भरभरून शस्त्रे आणू लागला. इकडे लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांत दहशत बसविली. गावेच्या गावे सरहद्द ओलांडून वऱ्हाडात, सोलापुरात, नगर जिल्ह्यात जाऊ लागली.

भारताचे दुसरे साधन होते नाकेबंदी. हैदराबादला बंदर नाही. मीठ, पेट्रोल, औषधे, यंत्रांचे सुटे भाग सगळे भारताच्या हद्दीतून यायचे. परभणी, सेलू, मानवत या कापसाच्या पेठा मनमाडकडे जाणाऱ्या एका रेल्वेमार्गावर जगणाऱ्या. हा पुरवठा आखडला गेला, पण ‘नाकेबंदी’ हा शब्द दिल्लीने स्वीकारला नाही. पंतप्रधान मीर लायक अली तक्रार करीत, दिल्ली नाकारी. करारात लवादाचे कलम होते, ते वापरले गेले नाही. या साधनाचा मोठा दोष असा, की ते निजामाच्या मुदपाकखान्यापर्यंत पोहोचत नाही. मिठाची टंचाई झाली की ती ज्याला सोडवायला आपण निघालो आहोत त्याच्याच भाकरीत आधी उतरते. नाकेबंदीचे समर्थन करणाऱ्या लेखनात हा मुद्दा क्वचितच सापडतो.

तिसरे साधन तर साधन म्हणून कबूलच केले गेले नाही. उमरखेडसारख्या सरहद्दीवरच्या ठिकाणी स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांची सशस्त्र शिबिरे उभी राहिली होती. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते, लढा बाहेरच्यांनी चालविला. करोडगिरीची नाकी, पोलीस ठाणी यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँक ३० जानेवारी १९४८ला लुटली गेली. त्याच दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. शिबिरे भारताच्या भूमीवर होती. दिल्लीने ती उभारली असे म्हणता येत नाही, मोडली असे तर मुळीच नाही. जुनागढात ‘आरझी हुकूमत’ नावाने जे उघडपणे केले, ते येथे अर्ध्या पडद्याआड घडले. पैनगंगेच्या काठची तरुण मुले स्वातंत्र्यासाठी लढत होती, यात शंका नाही. त्यांच्या नकळत ती एका राष्ट्राच्या परराष्ट्रधोरणाचा भागही झाली होती.

२१ जून १९४८ला माउंटबॅटन गेले आणि वाटाघाटींची शेवटची आशा त्यांच्याबरोबर गेली. पटेल सैन्य पाठविण्याच्या बाजूचे होते. नेहरूंना दक्षिणेत जातीय वणवा पेटण्याची भीती होती. सेनाप्रमुख जनरल बुचर या इंग्रज अधिकाऱ्यालाही मोहीम धोक्याची वाटत होती. ऑगस्टमध्ये भारताने हैदराबादविषयी श्वेतपत्रिका काढली. २१ ऑगस्टला निजाम सरकारने सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. येथे घड्याळ बदलले. काश्मीरचा प्रश्न १ जानेवारी १९४८ला भारतानेच परिषदेत नेला होता आणि त्याचे काय झाले ते आठ महिन्यांत दिसले होते. तोच अनुभव पुन्हा घ्यायची दिल्लीची तयारी नव्हती.

११ सप्टेंबरला जीना वारले. १३ला सैन्य शिरले. १६ला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषद बसली आणि आठ मतांनी, तीन सदस्य तटस्थ राहून, हैदराबादचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला गेला. भारताचे प्रतिनिधी रामस्वामी मुदलियार यांचा युक्तिवाद असा, की हैदराबाद हे आंतरराष्ट्रीय अर्थाने राज्यच नाही, तेव्हा परिषदेला अधिकारही नाही. १७ला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. २२ला त्याने तक्रार मागे घेत असल्याची तार केली.

आता ‘पोलीस’ या शब्दाचे काम उलगडते. युद्ध दोन राज्यांत होते. पोलीस घरातल्या घरात फिरतात. वर्षभर करार, वकील आणि श्वेतपत्रिका यांच्या भाषेत चाललेला व्यवहार शेवटच्या आठवड्यात एका शब्दाने गृहखात्यात आणून ठेवला गेला. युक्तिवाद खोटा होता असे मी म्हणणार नाही. इंग्रजांच्या सार्वभौमत्वाखाली हैदराबादला परराष्ट्रसंबंध कधी नव्हतेच आणि चहूबाजूंनी भारताने वेढलेल्या त्या राज्यातील बहुसंख्य प्रजेची इच्छा स्पष्ट होती. पण शब्दाची वंशावळ पाहण्यासारखी आहे. जुलै १९४७मध्ये डचांनी इंडोनेशियन प्रजासत्ताकावर चाल केली तेव्हा त्यांनीही तिला ‘पोलीस कारवाई’च म्हटले होते, आणि कारण तेच : जावा आमच्या घरातला, जगाने बोलू नये. तो प्रश्न सुरक्षा परिषदेत नेणाऱ्या दोन देशांपैकी एक भारत होता (दुसरा ऑस्ट्रेलिया). डिसेंबर १९४८मध्ये डचांनी दुसरी ‘पोलीस कारवाई’ केली तेव्हा नेहरूंनी पुढच्याच महिन्यात दिल्लीत इंडोनेशियासाठी परिषद बोलावली. हैदराबादची मोहीम या दोहोंच्या मधोमध येते. १९५०मध्ये कोरियातील युद्धालाही ट्रूमन यांनी हाच शब्द लागू होऊ दिला. जो तो आपल्या सैन्याला पोलिसाची टोपी घालीत होता.

नावे पुढे अनेक झाली. मुनशींनी आपल्या आठवणींना युगान्ताचे नाव दिले, लायक अलींनी शोकान्तिकेचे. मराठवाड्यात शासकीय नाव ‘मुक्तिसंग्राम’ झाले. केंद्र सरकारने २०२२पासून १७ सप्टेंबरला ‘हैदराबाद मुक्ती दिन’ पाळायला आरंभ केला तेव्हा तेलंगणाच्या तत्कालीन सरकारने ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ म्हटले. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर यांच्या पुस्तकाच्या नावात ‘विमोचन’ आणि ‘विसर्जन’ असे दोन शब्द शेजारी आहेत. निजामी सत्तेतून सुटका ही एक घटना, १९५६मध्ये भाषावार रचनेत संस्थानाचे विसर्जन ही दुसरी. हा फरक कुरुंदकरांसारख्या त्या मातीतल्या माणसाला जाणवावा हे साहजिक आहे.

मात्र अधिकृत शब्दाची किंमत कुणी दिली, हे या नामावळीत दिसत नाही. युद्ध म्हटले की मृतांची मोजदाद, निर्वासितांची नोंद, नंतरची चौकशी हे सारे ओघाने येते. पोलीस कारवाईला तशी वही नसते. मोहिमेच्या वेळी व नंतरच्या आठवड्यांत संस्थानातील मुसलमानांवर सूडाचे हल्ले झाले. नेहरूंच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८मध्ये फिरून पाहणी केली. तिचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार मृत्यूंचा होता. सर्वाधिक हानी झालेले चार जिल्हे म्हणून तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे दिली. परभणी त्या चारांत नाही; नांदेडची हद्द मात्र पूर्णा ओलांडली की लगेच लागते. रझाकारांनी मारलेल्यांची आठवण गावोगावच्या हुतात्मा स्मारकांवर आहे, आणि ती असलीच पाहिजे. या दुसऱ्या मृतांविषयीचा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो सर्वांना पाहता येऊ लागला तो २०१३च्या सुमारास, म्हणजे ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ आणि ‘नंतर’ असे वर्ष सांगणारी पिढी बहुतेक संपल्यावर.