पाण्याखालचं गाव आणि मोबाईलवरचा धडा

इंदापूर तालुक्यात पळसदेवला उजनीच्या पाण्यात एका देवळाचं शिखर दिसतं. ते पळसनाथाचं जुनं मंदिर. उन्हाळ्यात पाणी फारच उतरलं की अख्खं दगडी मंदिर उघडं पडतं आणि लांबलांबून माणसं बघायला येतात.

भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. नदीकाठची घरं, मळे, घाट, देवळं पाण्यात गेली आणि गावं वरच्या अंगाला नव्याने बसली. त्याच पाण्यावर आपला ऊस उभा राहिला. मुलांना ऊस ठाऊक आहे, धरणातली मासळी ठाऊक आहे. खाली कुणाचं तरी अंगण होतं, हे ठाऊक नाही. इतिहास म्हणजे सनावळ्या पाठ करणं, एवढंच त्यांना वाटतं.

एकदा बचतीचा हिशेब आटोपल्यावर गटातल्या एक आजी जुन्या गावाबद्दल बोलायला लागल्या. आम्ही मोबाईलवर ते रेकॉर्ड केलं. नकाशा उघडून दाखवला, तर सगळं निळं पाणी. आजींनी त्यावर बोट ठेवलं, “इथं आमची विहीर.” पुढे शाळेत बाईंनी ते टीव्हीवर लावलं. एरवी चुळबुळ करणारी पोरं गप्प बसली. मग एकाने विचारलं, “तेव्हा शाळा कुठं होती?” धडा तिथून सुरू झाला.

असं काम पूर्वीही झालंय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून लाखावर जात्यावरच्या ओव्या जमवल्या, कितीतरी टेपवर घेतल्या. आज त्यातल्या काही ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. बायांचं बोलणंही इतिहासाचं साधन ठरलं.

तुम्हालाही हे जमेल. आधी परवानगी घ्या. पंखा बंद करा, मोबाईल आडवा धरून टेकवून ठेवा. नाव, गाव, साधारण साल सुरुवातीलाच बोलून घ्या. “घर कसं होतं? निघताना काय काय बरोबर घेतलं?” असं विचारा आणि मध्ये बोलू नका. आठवण चुकूही शकते. म्हणून तीच गोष्ट आणखी दोघींना विचारा, घरातले पुनर्वसनाचे कागद, जुने सातबारे बघा. मुलांनाच हे ताडून बघू द्या. रेकॉर्डिंग दोन ठिकाणी जपून ठेवा.

एक चूक मात्र आमच्या हातून झाली. दुसऱ्या एका आजींना आम्ही म्हटलं होतं, “ऊसतोड झाली की निवांत बसू.” तोड झाली, पण आजी राहिल्या नाहीत. त्यांना आठवणारा नदीचा घाट आता कुणालाच सांगता येत नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीला हिशेबाच्या वहीबरोबर मोबाईलही चार्ज करून आणा.