किल्ल्यातला झाडू

दिवाळीची झाडलोट आमच्या नगरच्या घरी मांजरापाशी येऊन अडते. सतरंजीत रुतलेले केस केरसुणीला दाद देत नाहीत; झाडले की उडतात आणि चकलीवर जाऊन बसतात! यंदा मुलाने व्हॅक्यूम क्लीनर आणला. धूळ फुंकण्याऐवजी ओढून घ्यावी, ही युक्ती लंडनच्या ह्यूबर्ट बूथची, १९०१ सालची. केसांवरून मात्र यंत्र सावकाश, आधी उभे आणि मग आडवे, फिरवावे लागते.

ते फिरवताना मला आठवला आमच्या भुईकोट किल्ल्यातला झाडू. १९४२ च्या ऑगस्टात मौलाना आझाद तेथे बंदिवान होऊन आले. त्यांच्या खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी मांडली. खाली सारखा काड्यांचा सडा. मौलाना मोठे टापटिपीचे! आधी त्यांनी युद्ध पुकारले, मग हार मानून दाणे टाकू लागले. सफाईला एक कैदी नेमलेला होता, पण तो घटकेघटकेला कोठून येणार? तेव्हा त्यांनी एक झाडू मागवून कपाटाआड लपवला, आणि दिवसातून दोनदा, तीनदा, कधी त्याहूनही अधिक वेळा स्वतः केर काढला. १९४६ च्या 'गुबार-ए-खातिर'मध्ये त्यांनीच हे लिहिले आहे. 'गुबार' म्हणजे धूळ, बरे का!

नेहरूंनी याच किल्ल्यात ग्रंथ लिहिला, हे शाळकरी पोरही सांगते. झाडूचे नाव कोणी काढीत नाही.

१९४३ च्या एप्रिलात मौलानांच्या पत्नी कलकत्त्यास वारल्या. आजार कळला होता. पण भेटीसाठी सरकारपुढे हात पसरायला ते तयार झाले नाहीत.