निजामाची पिवळी गाडी

मध्यंतरी हैदराबादला चौमहल्ला राजवाड्यात निजामाची पिवळी रोल्स-रॉइस पाहिली. सहाव्या निजामाने, महबूब अली खानाने, ती मागवली; पण १९११ साली तो वारला आणि १९१२ ची ही गाडी मुलाच्या, उस्मान अलीच्या वाट्याला आली. मागे सिंहासनासारखे आसन. नंतर कित्येक वर्षे ती पडूनच होती, मग दुरुस्त झाली. माझे लक्ष मात्र रंगावरच. घरी वडिलांची फियाट मीच घासतोय ना! ओल्या पॉलिश पेपरने घासता घासता हिरव्याखाली पांढरा, त्याखाली मूळचा निळा लागला. आमच्या गोव्याच्या दमट हवेत उघडा पत्रा लगेच गंज धरतो, म्हणून प्रायमरची घाई. तरी दाराच्या आत, बिजागरीजवळ, तळहाताएवढा निळा घासवला नाही.