शोभेची दारू : रंग आणि नाद

पेशव्यांच्या बखरीत एक मौजेचा प्रसंग आहे. कोट्यास दिवाळीचे चार दिवस राजधानीबाहेर दारूची लंका रचतात, रावण, राक्षस, वानर सारे दारूकामाचे करतात आणि पेटलेल्या शेपटीचा हनुमान उडत जाऊन घराघराला आग लावतो, असे वर्णन महादजी शिंदे सवाई माधवरावांना ऐकवितात. पेशव्यांना तसाच तमाशा पाहण्याची इच्छा होते आणि पर्वतीपाशी तो लोकांसमक्ष घडतो.

हा उतारा वाचताना आपल्या डोळ्यांपुढे जे दृश्य उभे राहते, ते बहुधा चुकीचे असते. आपण त्यात नकळत आपल्या काळातील तांबडा, हिरवा, निळा मिसळतो. त्या दारूत हे रंग नव्हते. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या ज्वलनात दिसतो तो मुख्यतः तापलेल्या कणांचा तांबूस-सोनेरी प्रकाश. स्ट्राँशियमचा लाल किंवा बेरियमचा हिरवा रंग गडद दिसायचा तर ज्योत अधिक उष्ण हवी आणि तिच्यात क्लोरीनही हवे. ही सोय झाली ती बर्तोले या फ्रेंच रसायनज्ञाने १७८०च्या दशकात पोटॅशियम क्लोरेट तयार केल्यानंतर. आतषबाजीत तिचा वापर रुळला तो १८३०च्या सुमारास. तोवर पेशवाई बुडाली होती.

म्हणून जुनी आतषबाजी दरिद्री होती असे मात्र नव्हे. भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांचा भारतातील आतषबाजीच्या इतिहासावरील इंग्रजी प्रबंध १९५३ साली प्रसिद्ध झाला. साहित्याच्या अभ्यासकाने तो अवश्य वाचावा. ओरिसाचा गजपती प्रतापरुद्रदेव (राज्यारोहण १४९७) याच्या नावावरील 'कौतुकचिंतामणि' या संस्कृत ग्रंथातील कृती गोड्यांनी उजेडात आणल्या. कल्पवृक्षबाण, चामरबाण, चंद्रज्योती, पुष्पवर्ती, छुछुंदरीरसबाण अशी ही नावे. प्रथमदर्शनी हा दरबारी अलंकारांचा सोस वाटतो. मला तो तसा वाटत नाही. ही नावे नीट पाहणाऱ्याने ठेवलेली आहेत. या कृतींत लोखंडाबरोबर पोलादाचाही चूर घेतलेला आहे. पोलादाच्या कणातील कार्बन जळून त्याचा वायू होतो, तापलेला कण उडता उडता फुटतो आणि ठिणगीला फाटे येऊन तिचे खरोखरच फूल होते. पुष्पवर्तीतील 'पुष्प' ते हेच, आणि आपल्या फुलबाजीतीलही. चंद्रज्योतीचे वैशिष्ट्य निराळे. तिच्यात ठिणगी हा विषयच नसतो. शांत, स्थिर, पांढरट उजेड हेच तिचे काम. हरताळासारख्या आर्सेनिकयुक्त द्रव्याने असा उजेड साधता येतो. युरोपात या जातीच्या दिव्यांना पुढे बंगालचे नाव चिकटले, हे जाता जाता सांगण्याजोगे.

छुछुंदरी म्हणजे चिचुंदरी. चीं चीं करीत भिंतीच्या कडेने धावणारा हा प्राणी ज्याने जमिनीवर सुरसुरत पळणाऱ्या दारूकामात पाहिला, त्याचे कान आणि डोळे दोन्ही जागे होते. मराठीतही या दारूकामाला चिचुंदरीच म्हणत.

परंतु या नामावळीत नादाचा वाटा थोडाच. मोठा आवाज नव्हता असे नाही. लग्नाच्या वा देवाच्या मिरवणुकीत उखळी बार होतच. पण ते काम उखळीचे आणि तोफेचे. आतषबाजीला मराठीत शब्द होता 'शोभेची दारू'. लढाईच्या दारूपासून तिला वेगळे काढणारा हा शब्द डोळ्याच्या बाजूने बोलतो. आज या साऱ्या वस्तूंना आपण सरसकट फटाके म्हणतो, भुईनळ्याला आणि फुलबाजीलासुद्धा. फटाका हा शब्द आवाजाचा आहे. हा पालट केवळ रुचीचा नाही असे मला वाटते. ॲल्युमिनियम स्वस्त झाले ते १८८६ नंतर. त्याच्या भुकटीची झगझगीत दारू थोड्याशा कागदी वेष्टनातही कानठळ्या बसविते. पुढे आवाजालाच मोजमाप लावण्याची वेळ आली. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल ही मर्यादा १९९९ साली सरकारी नियमांत आली. बेरियमच्या क्षारांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये बंदी घातली. म्हणजे हिरव्या रंगाचा मूळ आधारच काढून घेतला.

एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'त लग्नाच्या थाटात दारूकाम येते. ते वर्गात शिकविताना आणि बखरीतील पर्वती वाचताना, डोळ्यांपुढचे रंग आधी पुसावे लागतात. मग उरतो काळोख, सोनेरी ठिणग्यांचा एक हनुमान, आणि त्याच्या शेपटीची लांबवर ऐकू येणारी सुरसुर.