तळ कुठे बांधायचे?

मंडळी, आजची गोष्ट लढाईची नाही, लढाईआधीच्या हिशेबाची आहे. साल 1951. अमेरिकेच्या हवाई दलाकडे बी-47 हे जेट बॉम्बर येत होतं. वेग उत्तम, पण पल्ला मध्यम. वाटेत इंधन भरल्याशिवाय अमेरिकेतून सोव्हिएत रशियापर्यंत जाऊन परत येणं अशक्य. म्हणजे परदेशात तळ हवेत. ते कमीत कमी खर्चात कसे उभारायचे, एवढंच हवाई दलानं कॅलिफोर्नियातल्या रँड संस्थेला विचारलं होतं.

काम आलं अल्बर्ट वोलस्टेटर यांच्याकडे. गृहस्थ मूळचे गणिती तर्कशास्त्राचे. ‘लॉजिक शिकून पोट भरतं का?’ हे आयुष्यभर ऐकलेल्या माझ्यासारख्याला हे सांगताना जरा बरं वाटतं, तेवढं चालवून घ्या.

वोलस्टेटरनी आधी प्रश्नच तपासायला घेतला. धावपट्टी, इंधनाच्या टाक्या, रसदीची वाहतूक हा खर्च तर कुठलाही कारकून मांडेल. पण शत्रूच्या जवळचा तळ पहिल्याच हल्ल्यात गेला, तर तिथली विमानं, सुटे भाग, माणसं कुठल्या रकान्यात लिहायची? शांततेच्या वहीत स्वस्त दिसणारा तळ इथे एकदम महाग होतो. म्हणून त्यांनी नुसता खर्च मोजला नाही; ठरावीक लक्ष्यं उद्ध्वस्त करण्याची ताकद हल्ल्यानंतरही शिल्लक ठेवायला किती खर्च येतो, ते मोजलं.

पर्याय चार होते. विमानं शत्रूजवळच्या तळांवर ठेवायची. मधल्या अंतरावर ठेवायची. अमेरिकेत ठेवून परदेशी तळांवर फक्त इंधन भरायचं. किंवा हवेतच इंधन भरायचं. चौथा सर्वांत सुरक्षित वाटतो ना? पण त्याला टँकर विमानांचा एवढा ताफा लागतो, की तेवढ्याच पैशात बॉम्बर कमी येतात. एप्रिल 1954 च्या आर-266 या अहवालानं तिसरा पर्याय उचलून धरला.

माझी शंका वेगळी आहे. हल्ला झाला तर किती नुकसान, हे कोष्टक सांगतं. हल्ला होण्याची शक्यता किती, हे सांगत नाही. तो भाग गृहीतकात बसतो आणि आकड्यांच्या गर्दीत दिसेनासा होतो. पुढे रँडचेच चार्ल्स हिच 1961 मध्ये मॅकनमारांच्या संरक्षण खात्यात हिशेबाचे प्रमुख झाले, आणि ही पद्धत साऱ्या खात्यात पसरली.

घरचे तळ सुरक्षित, हे गृहीतक मात्र फार टिकलं नाही. 1956 मध्ये वोलस्टेटर आणि सहकाऱ्यांना दुसरा अहवाल लिहावा लागला, आर-290. त्याचा विषय होता अमेरिकेतल्या तळांवरच हल्ला झाला तर उलट प्रहाराची ताकद कशी वाचवायची.