‘मरुत्सखा’ : ओळख पटविण्याचा प्रश्न

जे यंत्र आज शिल्लक नाही त्याची ओळख पटवावी कशी, हा इतिहासाच्या अभ्यासकापुढील एक बिकट प्रश्न होय. मराठी अभिमानाशी जडलेले त्याचे ठळक उदाहरण म्हणजे शिवकर बापूजी तळपदे (१८६४–१९१६) यांचे ‘मरुत्सखा’ विमान. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर हे मानवरहित यंत्र पंधराशे फूट उंच चढले, अशी आख्यायिका आहे. २०१५ साली तिच्यावर हिंदी चित्रपटही निघाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा व किनवट हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून मुंबई राज्यात गेले. उरलेल्या जिल्ह्यातील मराठी समाजास अशा कथांची ओढ अधिकच वाटावी, हे स्वाभाविक आहे. म्हणूनच तिची चिकित्सा करणे आम्हां शिक्षकांस प्राप्त आहे.

प्रथम, दावा नेमका कशाचा हे ठरविले पाहिजे. जमिनीवरून उसळी घेणे, मानवरहित उड्डाण आणि मनुष्याने ताबा ठेवून केलेले उड्डाण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रान्समध्ये क्लेमां आदेर यांचे वाफेवरील यंत्र १८९० मध्येच सुमारे पन्नास मीटर उसळले होते. अमेरिकेत लँग्ली यांचे मानवरहित यंत्र ६ मे १८९६ रोजी अर्ध्या मैलाहून अधिक अंतर उडाले. राइट बंधूंचे श्रेय निराळे आहे : १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांच्या यंत्रातून मनुष्य उडाला, पहिले उड्डाण १२ सेकंदांचे व १२० फुटांचे, तर त्याच दिवशीचे चौथे ५९ सेकंदांचे. तेव्हा चौपाटीची कथा अक्षरशः खरी मानली, तरी तळपद्यांचे स्थान लँग्लींच्या पंक्तीत ठरते. राइट बंधूंच्या आधी नव्हे.

दुसरा प्रश्न साधनांचा. लँग्लींच्या उड्डाणाचे छायाचित्र अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी त्याच वेळी घेतले आणि ते यंत्रही जतन झाले. ‘मरुत्सखा’चा सांगाडा नाही, आराखडा नाही, उड्डाणाचे छायाचित्र नाही, तत्कालीन निर्विवाद नोंदही अभ्यासकांपुढे आलेली नाही. जे आहे ते बहुतांशी मागाहून सांगितलेले. शिवाय ते यंत्र पाऱ्याच्या शक्तीने चाले, असे सांगतात. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून अधिक जड आणि त्याचा उत्कलनबिंदू सुमारे ३५७ अंश सेल्सिअस. त्यापासून उड्डाणाची शक्ती कशी निर्माण होई, याचे कार्यक्षम वर्णन कोणीही देत नाही.

तिसरी गोष्ट चित्रांची. ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील आकृत्या ‘मरुत्सखा’च्या म्हणून पुष्कळदा दाखविल्या जातात. परंतु हा ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगून लिहविला आणि आकृत्याही त्यानंतरच बंगलोरास तयार झाल्या. तळपदे १९१६ मध्येच निवर्तले होते. म्हणजे त्या आकृत्या ‘मरुत्सखा’च्या असू शकत नाहीत, एवढे तरी निव्वळ सनावळीवरूनच सिद्ध होते. १९७४ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी या ग्रंथाची छाननी केली. हा ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यात वर्णिलेली विमाने उडण्यास अपात्र आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

याने तळपदे लहान ठरतात काय? आम्हांस तसे वाटत नाही. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेशी संबंधित असलेला, वेदाध्ययनात रमलेला एक मराठी माणूस युरोप-अमेरिकेतील प्रयोगांच्या काळातच विमानाचा ध्यास घेतो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातील मराठी मनाच्या इतिहासात मोलाची आहे. तो ध्यास ही घडलेली गोष्ट आहे. पंधराशे फूट ही सांगितलेली. वर्गात दोन्ही सांगाव्यात, परंतु कोणती कोणत्या जातीची, तेही त्याच वेळी सांगावे. अन्यथा उद्या कोणी पुराव्याची मागणी केली, तर कथेबरोबर तळपद्यांचे खरे श्रेयही मुलांच्या मनातून पुसले जाईल.