ओहमचा नियम : एका शालेय शिक्षकाचे देणे

विभवांतराला विद्युतधारेने भागले की रोध मिळतो आणि त्याच दोहोंचा गुणाकार केला की विद्युतशक्ती मिळते, हे आज दहावीचा विद्यार्थी सहज सांगतो. २३० व्होल्टच्या जोडणीवर एखादे उपकरण ५ अँपिअर धारा घेत असेल, तर त्याचा रोध ४६ ओहम आणि शक्ती ११५० वॅट. हिशेब दोन ओळींत संपतो. परंतु या दोन ओळी सिद्ध होऊन जगन्मान्य होण्यास सुमारे साठ वर्षे लागली आणि त्यांचा आरंभ एका शाळेच्या प्रयोगशाळेत झाला. हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळेने हा इतिहास आवर्जून स्मरावा.

गेओर्ग सिमोन ओहम यांचा जन्म १७८९ मध्ये जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलुपे बनविणारे कारागीर. तथापि स्वाध्यायाने गणित शिकून त्यांनी मुलांनाही ते शिकविले. १८१७ पासून ओहम कोलोन येथील शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकवू लागले. अध्यापनातून उरलेल्या वेळात त्यांनी तारांतून वाहणाऱ्या विजेचे मापन आरंभिले.

अडचण मोठी होती. त्या काळच्या रासायनिक घटमालेचा जोर प्रयोग चालू असतानाच घटत असे. त्यामुळे १८२५ मध्ये त्यांनी मांडलेले सूत्र सदोष ठरले. पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी घटमाला सोडून बिस्मथ आणि तांबे यांचे उष्मायुग्म घेतले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानातील अंतर स्थिर, म्हणून विजेचा जोरही स्थिर. मग निरनिराळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा जोडून, टांगलेल्या चुंबकसूचीच्या विचलनावरून त्यांनी धारा मोजली. १८२६ मध्ये नियम हाती आला आणि १८२७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

स्वागत मात्र थंड झाले. विद्युतशास्त्रात गणिताला एवढे स्थान देणे अनेकांना रुचले नाही. अपेक्षित प्राध्यापकपद मिळाले नाही. ओहम यांनी कोलोनची नोकरी सोडली आणि काही वर्षे बर्लिनमध्ये किरकोळ अध्यापनावर काढली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक देऊन त्यांचा गौरव केला. म्यूनिक विद्यापीठातील प्राध्यापकपद १८५२ मध्ये लाभले. दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाले.

पदकाच्याच वर्षी इंग्लंडमधील जेम्स जूल यांनी दाखविले, की तारेत दर क्षणी निर्माण होणारी उष्णता धारेचा वर्ग आणि रोध यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. धारा गुणिले रोध म्हणजे विभवांतर. म्हणून हीच शक्ती विभवांतर आणि धारा यांच्या गुणाकाराइतकी भरते. १८८१ च्या पॅरिस परिषदेत ओहम, व्होल्ट, अँपिअर ही एकके मान्य झाली आणि १८८९ मध्ये वॅटही त्यांत आला.

ज्याच्या नावाने जग आज रोध मोजते, त्याने उमेदीची वर्षे फळ्यासमोर घालविली होती. सदोष सूत्रावर अडून न बसता त्याने मापनाचे साधन बदलले. शालेय प्रयोगशाळा केवळ जुने प्रयोग गिरविण्याची जागा नसते. तेथे नवे सत्यही गवसू शकते. आपल्या विद्यार्थ्यांना व सहकारी शिक्षकांना हा विश्वास वाटावा, एवढीच या निमित्ताने सदिच्छा.